हिशेबाची चोपडी आणि मोबाइलचा पिन

भिवंडीतला वीस मागांचा कारखाना असो, म्हसळ्याच्या बाजारातले किराणा दुकान असो, नाहीतर सोलापुरातला चादरींचा व्यापार. गेल्या आठ-दहा वर्षांत या सगळ्या ठिकाणी एक बदल गाजावाजा न होता झाला. गल्ल्याखालची लाल कापडी बांधणीची चोपडी हळूहळू मालकाच्या खिशात गेली. उधारी मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये, ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर, बिले टॅलीत, वसुली क्यूआर कोडवर आणि करभरणी पोर्टलवर. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झाले तेव्हा आपल्या बाजारपेठेत फारसे कोणी तिकडे पाहिले नव्हते. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी. मग पाहावेच लागले.

मोठ्या कंपन्यांत असा बदल करायचा तर त्यासाठी वेगळे खाते असते, बैठका होतात, कागदावर योजना उतरते. आपल्याकडचे "आयटी खाते" म्हणजे घरातला बारावी झालेला धाकटा मुलगा. तो अ‍ॅप उतरवून देतो, ईमेल उघडून देतो, पासवर्ड ठेवतो (बहुधा स्वतःचे नाव आणि एक-दोन-तीन), आणि दोन वर्षांनी कतारला नोकरीला निघून जातो. पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. इथे मुलाला दोष देण्याचे कारण नाही, त्याने सांगितलेले काम चोख केले. पण त्याच्या त्या कामावर आता घराची रोजी उभी आहे, हे घरातल्या मोठ्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागतो. कधी कधी ते लक्षात येते तेव्हा घरात जनाजा असतो.

असे एक घर डोळ्यांसमोर आणा. वालिद अचानक गेले. वय पंचावन्न, सुताचा व्यवहार, बाजारात पत चांगली. तिसऱ्या दिवशी एक सूत व्यापारी येऊन सांत्वन करतो आणि जाताना हळूच म्हणतो, "चार लाख बाकी होते, घाई नाही." दुसरा येतो, तो काहीच बोलत नाही. वालिदांना बाजारातून येणे किती होते, देणे किती होते, हे सगळे त्या काळ्या पडद्याच्या मोबाइलमध्ये आहे. पिन कोणालाच माहीत नाही. बोटाचा ठसा ज्याचा होता तो मातीत गेला. दहा वेळा चुकीचे आकडे दाबून मुलाने मोबाइल आणखीच बंद करून ठेवला आहे. आता ज्याचे देणे आहे तो सांगेल तेच खरे मानायचे, आणि ज्याच्याकडून येणे आहे तो आपणहून आला तर अल्लाहची मेहरबानी.

पूर्वीही माणसे अचानक जात होती. पण चोपडी कपाटात असायची आणि ती कोणीही उघडू शकत असे. मोडी किंवा उर्दू वाचणारे कोणी शोधावे लागले तरी आकडे तिथे असत. चोपडीला पिन नव्हता.

आपल्या दीनमध्ये या प्रश्नाचे वजन किती आहे, हे वेगळे सांगायला नको. वारसांचे हिस्से सांगताना सूरह निसामध्ये पुन्हा पुन्हा बजावले आहे की वाटणी होईल ती वसीयत आणि कर्ज फेडल्यानंतर. प्रेषित (स.) यांच्यासमोर एक जनाजा आणला गेला, मय्यतीवर तीन दीनारांचे कर्ज होते आणि मागे काही ठेवलेले नव्हते. तेव्हा हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले, आणि मगच प्रेषितांनी (स.) जनाज्याची नमाज पढवली. तीन दीनार! आपण ज्या पडद्याआड लाखांचे देणे ठेवून झोपी जातो, त्याचा हिशेब वारसांना कळणारच नसेल, तर त्यांनी फेडायचे तरी काय? ज्याच्याकडे नोंदवण्याजोगे काही आहे त्याने लिहिलेल्या वसीयतीविना दोन रात्रीही काढू नयेत, अशा अर्थाची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आज त्या वसीयतीत मोबाइल कसा उघडायचा ही ओळही यायला हवी, असे मला वाटते.

कुरआनमधली सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोज्याविषयीची नाही, देण्या-घेण्याच्या लिखापढीविषयीची आहे. सूरह बकराची २८२ वी आयत. मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो वा मोठी लिहिण्याचा कंटाळा करू नये, आणि लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला त्रास होऊ नये, असा तिचा आशय आहे. व्यापार शिकवणाऱ्या कोणत्याही संस्थेत हिशेबाचा पहिला धडा म्हणून हे चालेल. यातला शेवटचा भाग, लिहिणाऱ्याला त्रास होऊ नये हा, आपल्या दुकानांत फार दुर्लक्षित आहे. त्याकडे थोडे थांबून पाहू.

बहुतेक दुकानांत टॅली किंवा तत्सम सॉफ्टवेअर एकाच नावाने उघडते. मालक, मुलगा, मेहताजी आणि आठवड्यातून दोनदा येणारा हिशेबनीस, चौघांना एकच पासवर्ड. एखादे बिल गायब झाले, रक्कम बदललेली दिसली, की संशय सर्वांत गरीब माणसावर जातो. मेहताजी वीस वर्षे जुना असला तरी त्याच्या हातात आपली बाजू दाखवायला काही नसते. प्रत्येकाला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड दिला, तर कोणी कधी काय लिहिले ते सॉफ्टवेअर स्वतःच नोंदवते. लोकांना वाटते हा बंदोबस्त चोरासाठी आहे. खरे तर तो प्रामाणिक माणसासाठी आहे. खर्च शून्य, वेळ अर्धा तास.

याचा एक जुना धागा आहे. अब्बासी काळात बगदादच्या सरकारी दफ्तरांत चर्मपत्र जाऊन कागद आला, तो हारून रशीद यांच्या दिवसांत, आठव्या शतकाच्या अखेरीस. मिसरचे लेखक कल्कशंदी यांनी पुढे त्याचे कारण नोंदवले आहे: चर्मपत्रावरची शाई खरवडून मजकूर बदलता येत असे, कागदावर खाडाखोड केली की ती दिसते. कागद स्वस्त होता हे खरेच, पण राज्याला तो हवा होता तो लबाडी लपत नाही म्हणून. तंत्र बाहेरून, चीनकडून आलेले. त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. हजरत उमर (रजि.) यांनी वेतन आणि हिश्शांच्या नोंदीसाठी दीवान म्हणजे नोंदवह्यांची व्यवस्था उभी केली, तीसुद्धा इराणी राज्यकारभाराची रीत पाहून. खंदकाच्या लढाईतल्या खंदकाची सूचना हजरत सलमान फारसी (रजि.) यांची, म्हणजे तीही इराणचीच. उपयोगाची गोष्ट कुठून आली यापेक्षा ती कशासाठी घ्यायची हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

गंमत अशी की बाराशे वर्षांनंतर आपल्या सरकारने कंपन्यांना जवळजवळ तोच नियम लावला. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालच्या प्रत्येक कंपनीला असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक फेरबदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. टॅलीत याला एडिट लॉग म्हणतात. आपले दुकान एकट्याच्या मालकीचे किंवा भागीदारीचे असेल तर हा नियम आपल्याला लागू नाही. पण भागीदारी असेल, आणि विशेषतः भावाभावांची असेल, तर कायदा सांगत नसतानाही एडिट लॉग चालू करा. भावांचे धंदे तुटतात ते बहुतेक वेळा पैशामुळे नव्हे, "त्याने मागाहून आकडा बदलला असेल" या शंकेमुळे. आणि एकदा ती शंका घरातल्या बायकांपर्यंत पोहोचली की ईदचे जेवणही वेगळे होते.

जकातीची तारीख

संगणकाचा आपल्या घरांना सर्वांत मोठा फायदा कोणता, असे मला कोणी विचारले तर मी जकातीचे नाव घेईन. व्यापारी मालावर जकात निघते ती चांद्र वर्षाच्या एका ठराविक दिवशी, समजा १ रमजानला, हातात जो माल आहे त्याच्या त्या दिवसाच्या बाजारभावावर. पण आपले सगळे हिशेब १ एप्रिल ते ३१ मार्च. चोपडीच्या जमान्यात वर्षाच्या मधल्याच एका दिवशी स्टॉक काढणे म्हणजे दुकान दोन दिवस बंद ठेवणे. म्हणून कितीतरी सच्चे, दानशूर लोकही अंदाजाने जकात काढत, आणि कमी पडू नये म्हणून थोडी जास्त देत. अल्लाह ती कबूल करो. पण आता अंदाजाची गरज उरलेली नाही. स्टॉकच्या नोंदी नीट ठेवल्या असतील तर सॉफ्टवेअर कोणत्याही तारखेचा शिल्लक माल दोन मिनिटांत दाखवते.

जे ३१ मार्चलाच जकात काढतात त्यांनी एक गणित लक्षात ठेवावे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. दरवर्षी हे ११ दिवस सुटत गेले तर ३३ वर्षांत एका अख्ख्या वर्षाची जकात राहून जाते. म्हणूनच सौर वर्षाने हिशेब करणाऱ्यांसाठी उलमांनी अडीच टक्क्यांऐवजी सुमारे २.५७७ टक्के हा दर सांगितला आहे. १ रमजानचा स्टॉक काढणे त्याहून सोपे.

काय धरायचे, काय सोडायचे, याचीही यादी सॉफ्टवेअरमध्ये आधीच वेगळी करून ठेवता येते. माग, शिलाई यंत्रे, दुकानातली कपाटे, डिलिव्हरीची गाडी यांवर जकात नाही, कारण ती विकायची नाहीत. सूत, तयार कापड, विक्रीचा माल, रोख, बँकेतली शिल्लक आणि परत येण्याची खात्री असलेली उधारी यांवर आहे. देण्याच्या बाबतीत मसलकांत फरक आहे. हनफी फिक्हमध्ये देणे वजा करून उरलेल्यावर जकात काढतात, तर शाफई मसलकातले प्रबळ मत असे की कर्जामुळे जकात सुटत नाही. आपल्या कोकणी घरांत बहुतेक शाफई आहेत, देशावरचे बहुतेक हनफी, आणि हिशेबनीस बहुधा दोन्ही नाहीत. तेव्हा तो काढून देईल तो आकडा डोळे मिटून न घेता आपल्या मुफ्तीसाहेबांसमोर ठेवावा. बुडीत उधारी आणि वर्षानुवर्षे न हललेला माल यांचे काय, हेही त्याच बैठकीत विचारावे.

मात्र एक अडचण उघड बोलली पाहिजे. पुष्कळ दुकानांत संगणकात जे बिल चढते ते केवळ जीएसटीपुरते. संगणकात कापड दीड हजार मीटर दिसते आणि गोदामात नऊशेच असते, किंवा उलट. अशा संगणकातून निघालेली जकात अंदाजापेक्षा वाईट, कारण तिच्यावर खरेपणाचा शिक्का बसतो. शाबानमध्ये एक सुट्टीचा दिवस काढा, मुलांना हाताशी घ्या, माल मोजा, संगणकातला आकडा आणि गोदामातला आकडा जुळवा. पहिल्या वर्षी फार त्रास होतो. दुसऱ्या वर्षी कमी.

क्यूआर कोड कोणाच्या नावाचा?

घराघरांतून आज आपल्या बहिणी धंदा करत आहेत. फ्रोजन समोसे, बुरखे आणि अबाया शिवणे, मेहंदी, शिकवण्या, रमजानात शीरखुर्म्याचा सुका मेवा. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पैसे क्यूआर कोडवर. आणि तो क्यूआर कोड असतो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचा, कारण त्यांचे अ‍ॅप आधीपासून चालू होते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण स्त्रीची कमाई तिची, हे सूरह निसाने स्पष्ट केलेले आहे. पैसा नवऱ्याच्या खात्यात पडला आणि घरखर्चात मिसळला की वर्षाअखेरीस तिने किती कमावले हे तिलाही सांगता येत नाही. तिच्यावर जकात आहे का, धंद्यात नफा आहे की नुसतीच मेहनत, पुढे तिला उद्यम नोंदणी करून बँकेकडे जायचे असेल तर दाखवायचे काय, सगळेच धूसर. शिवाय तो पैसा आयकराच्या दृष्टीने नवऱ्याचे उत्पन्न दिसू लागतो, आणि विचारणा झाली तर उत्तर त्याला द्यावे लागते.

यावरचा इलाज साधा आहे. तिच्या नावाचे बचत खाते, तिचे स्वतःचे सिम, तिचा स्वतःचा क्यूआर. धंदा वाढला तर धंद्यासाठी वेगळे चालू खाते. आणि धंद्याचा मोबाइल मुलांच्या हातात गेमसाठी देऊ नये. हे शेवटचे सोपे वाटते, पण घरात तेच सर्वांत अवघड आहे.

घानाचा तो एक संगणक

आता मोठ्यांची गोष्ट, कारण नुकसान त्यांचेही होते आणि ते आपल्या अंगणापर्यंत येते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्याची सुरुवात झाली ती एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी सर्रास वापरले जाणारे हे सॉफ्टवेअर. त्याच्या नेहमीच्या अपडेटमध्येच हल्लेखोरांनी विष कालवले होते. जहाजवाहतुकीतल्या मर्स्क या बलाढ्य डॅनिश कंपनीचे संगणक काही तासांत बंद पडले. आपल्या न्हावा शेव्यातले मर्स्क समूहाचे टर्मिनलही त्यात अडकले आणि कंटेनर खोळंबले. रायगड-रत्नागिरीतल्या ज्या घरांतले लोक जहाजांवर किंवा बंदरात काम करतात, त्यांना तो आठवडा आठवत असेल.

मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. ते त्यांनी दहा दिवसांत केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे. पण या सगळ्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. कंपनीचे संपूर्ण जाळे ज्या मुख्य नोंदींवर उभे होते, त्यांच्या जगभरातल्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या होत्या. एक बिघडली तर दुसरीवरून घेऊ, असा विचार. सगळ्या एकदमच पुसल्या गेल्या. वाचली ती एकच, घानामधल्या कार्यालयातली. का? तर हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यातून तुटलेला होता. भारनियमनाला शिव्या घालणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून जरा बरे वाटते. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

वीस मागांच्या कारखान्यासाठी याचा अर्थ काय? एवढाच, की जोडलेली प्रत ही प्रत नव्हे. संगणकाला कायम लावून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवरचा बॅकअप व्हायरस आला की संगणकाबरोबरच जातो. जाणकार लोक तीन प्रती ठेवायला सांगतात: एक रोजच्या कामाची, दुसरी वेगळ्या साधनावर, तिसरी वेगळ्या जागी. आपल्याकडे दर जुम्म्याला, कारखाना बंद असताना, एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्यावी, ती काढून घरी कपाटात ठेवावी, आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. उघडून पाहणे बहुतेक लोक विसरतात. ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी कळते की डिस्क सहा महिन्यांपासून रिकामीच भरली जात होती.

दुसरे उदाहरण पुण्याचे. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेवर ११ ते १३ ऑगस्ट २०१८ दरम्यान हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बहुतेक रक्कम बनावट कार्डांनी देशोदेशींच्या एटीएममधून काढली गेली, उरलेली हाँगकाँगच्या खात्यात वळवली गेली. ११ तारखेला दुसरा शनिवार होता. चोरांनाही सुट्ट्यांचे कॅलेंडर पाठ असते. ईद, दिवाळी आणि लागून आलेल्या सुट्ट्या यांच्या आधी दुकानाचे खाते, त्यावरची मर्यादा आणि एसएमएसचा नंबर एकदा पाहून घ्यावा, एवढे आपण नक्कीच करू शकतो.

किरकोळ फसवणुकीचे प्रकार आता बहुतेकांना माहीत आहेत, तरी गर्दीच्या वेळी फसायला होतेच. पैसे आल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणे, दुकानाच्या क्यूआरवर रात्रीत दुसरा क्यूआर चिकटवणे, "पैसे पाठवतो, पिन टाका" असे सांगणे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. आणि फसलोच तर लाजेने गप्प बसू नये, १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

नवे काय घ्यायचे, काय नाही

दर सहा महिन्यांनी कोणीतरी दुकानात येऊन सांगते की हे नवे घेतले नाही तर तुम्ही मागे पडाल. कधी ते खरे असते. ई-इनव्हॉइसचेच पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये ते ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीसाठी सक्तीचे झाले, तेव्हा आपल्या बाजारपेठांत लोक हसले होते. मग मर्यादा १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी अशी खाली येत गेली, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आहे. ज्यांनी १० कोटींच्या वेळीच आपले सॉफ्टवेअर तयार ठेवले, त्यांना पुढच्या टप्प्याला धावपळ करावी लागली नाही. सरकारी नियमाची दिशा एकदा कळली की वाट पाहण्यात शहाणपण नाही.

कधी मात्र वाट पाहणेच शहाणपणाचे असते. माझा साधा क्रम असा: आधी जे आहे ते नीट वापरा, मग नवे घ्या. ज्या दुकानात उधारीची यादी अद्ययावत नाही, त्याने एआयवर चालणारे विक्रीचे अंदाज विकत घेऊन काय करायचे? घरगुती धंद्यातल्या बहिणींना मालाचे वर्णन मराठीत, उर्दूत, हिंदीत लिहून घ्यायला एआय चांगले उपयोगी पडते, तेवढे जरूर घ्या. पण ग्राहकांची नावे, मोबाइल नंबर, मापे, पत्ते तिथे टाकू नयेत. आपल्याकडे बुरखा शिवायला दिलेल्या बाईची मापे ही तिची अमानत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने आता सांगितले ते आपल्याला मकतबमध्येच शिकवले होते.

आणि एका गोष्टीपासून सावध. क्यूआरवर रोज पैसे येऊ लागले की काही महिन्यांत त्याच अ‍ॅपवर "तुम्हाला दोन लाखांचे कर्ज मंजूर" असा निरोप झळकतो. हप्ता रोजच्या विक्रीतून आपोआप कापला जातो, म्हणून तो जाणवत नाही. "आत्ता घ्या, नंतर द्या" हाही त्याचाच भाऊ. त्यात व्याज असते, कधी फी या नावाखाली. अ‍ॅप वापरणे आणि त्याचे कर्ज घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोय घ्यावी, सूद घेऊ नये, आणि "मंजूर" या शब्दावर मुलांनी गंमत म्हणून बोट ठेवू नये. गरज खरीच असेल तर आधी बिनव्याजी पतपेढी, बैतुलमाल, नातलग, नाहीतर ज्याचा माल घेतो त्याच व्यापाऱ्याकडे मुदत, हे दरवाजे ठोठवावेत.

मागे राहणाऱ्यांसाठी

हिजरतच्या रात्री प्रेषित (स.) मक्केहून निघाले तेव्हा लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या, त्यातल्या कितीतरी विरोधकांच्या. त्या परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. कोणाचे काय आहे हे अलींना माहीत होते, म्हणूनच ते परत करू शकले. आपण गेल्यावर आपल्या घरात असा माणूस कोण आहे, आणि त्याला काय माहीत आहे?

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचा जीएसटी क्रमांक मालकाच्या पॅनला बांधलेला असतो. तो गेल्यावर धंदा चालवणाऱ्या वारसाला स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि जुन्या खात्यातले न वापरलेले क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने नव्या खात्यात आणता येते. त्यासाठी जुने खाते उघडता आले पाहिजे. हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात, मालक हयात असो वा नसो. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, ते जरूर ठेवावेत. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. त्याच्या हातात रक्कम येते ती सांभाळण्यासाठी, वाटणी शरीअतच्या हिश्शांनीच. हे मुलांना आज सांगून ठेवले तर उद्या भावाने बहिणीचा हिस्सा "बँकेने मलाच दिला" म्हणून दाबून ठेवण्याची वेळ येणार नाही.

म्हणून एक लिफाफा. त्यात एका कागदावर हाताने लिहिलेले: मोबाइल कसा उघडतो, धंद्याचे ईमेल कोणते, हिशेब कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आणि त्याची प्रत कुठे, कोणत्या बँकांत खाती, हिशेबनिसाचे नाव, आणि पोर्टलवर कोणाचा नंबर नोंदवला आहे. बँकेचा आणि यूपीआयचा पिन त्यात लिहू नये, तो कोणालाच द्यायचा नसतो, वारसांचा पैशावरचा हक्क बँकेच्या रीतीनेच सिद्ध होतो. लिफाफा बंद करून पत्नीकडे किंवा विश्वासू भावाकडे द्यावा, आणि दर रमजानात, जकातीचा हिशेब काढताना, उघडून ताजा करावा. येणे-देण्याची यादीही त्याच वेळी छापून त्यात ठेवावी. कागदावर, हो.

आणि लिफाफा लिहायच्या आधी जीएसटी पोर्टलवर एकदा पाहा. नोंदणीच्या वेळी घाईघाईत तिथे हिशेबनिसाचाच मोबाइल आणि ईमेल टाकलेला असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो. हिशेबनीस बदलला, रागावला, किंवा तोही अल्लाहला प्यारा झाला, तर आपल्याच धंद्याच्या दारात आपण उभे, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. नंबर बदलायला पोर्टलवर दहा मिनिटे लागतात.